टाइप २ मधुमेह आणि एक जनुक: कोणती चाचणी लावू? (थिसिससाठी मदत हवी)

मेथीदाणा

नमस्कार मंडळी. इथे आकडेमोडवाले बरेच आहेत, म्हणून इथेच विचारते.

मी बायोकेमिस्ट्रीत एमडी करतेय. थिसिस टाइप २ मधुमेह आणि टीसीएफ७एल२ जनुकातल्या एका बदलावर आहे: आरएस७९०३१४६ या जागी डीएनएचं अक्षर सी ऐवजी टी. शंभर रुग्ण मेडिसिन ओपीडीतले, शंभर कंट्रोल (तुलनेसाठीचे निरोगी लोक) ब्लड बँकेत रक्तदानाला आलेले. पीसीआर-आरएफएलपी (जनुकाचा तुकडा वाढवून, एन्झाइमने कापून जेलवर बघायची पद्धत) करून झालंय. आकडे असे:

रुग्ण: सीसी ४०, सीटी ३९, टीटी २१
कंट्रोल: सीसी ५४, सीटी ३२, टीटी १४

म्हणजे टी अलील (जनुकाचा टी प्रकार, प्रत्येक माणसात दोन प्रती धरून) रुग्णांत २०० पैकी ८१, कंट्रोलमध्ये २०० पैकी ६०. यावर काय-स्क्वेअर ४.८३ आला, पी (संबंध नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०२८. सर म्हणाले, "०.०५च्या आत आहे ना? मग लिहून टाक." पण हेच आकडे तीन रकान्यांत मांडले की पी ०.१२ येतो. डेटा तोच, मग खरं काय धरायचं? शिवाय एका सीनियरने सांगितलंय की परीक्षक हार्डी-वाइनबर्गबद्दल हमखास विचारतात. ते रुग्णांचं तपासायचं की कंट्रोलचं?

खडूस_काका

जो पी आवडेल तो घ्या, बाकीचे ड्रॉवरमध्ये टाका. निम्मी जर्नलं तशीच चालतात.

बरं, आता नीट सांगतो. अलील मोजताना तुम्ही २०० माणसांची ४०० 'माणसं' केलीत. हे चालतं, पण एका अटीवर: एकाच माणसातले दोन अलील एकमेकांशी संबंध न ठेवता आलेले असले पाहिजेत. हार्डी-वाइनबर्ग समतोल म्हणजे हीच अट. ती मोडली की अलीलांची चाचणी खोटा आत्मविश्वास देते. पीटर सॅसिएनी यांनी १९९७ साली हे स्वच्छ मांडलंय.

तीन रकान्यांची चाचणी ही अट मागत नाही, पण तिचे दोन डिग्री ऑफ फ्रीडम खर्च होतात आणि ताकद, म्हणजे खरा फरक पकडण्याची क्षमता, घटते. मधला मार्ग म्हणजे कॉक्रन-आर्मिटेज ट्रेंड टेस्ट. टी अलील किती, शून्य, एक की दोन, आणि त्यांच्या संख्येबरोबर आजाराचं प्रमाण चढत जातं का, एवढंच ती विचारते. एकच डिग्री, आणि मोजायची माणसं, अलील नव्हेत.

तुमच्या आकड्यांवर हातानेच करून पाहिली. ३.९५ येतो. पी ०.०४७.

मेथीदाणा

काका, धन्यवाद! म्हणजे अजून ०.०५च्या आत आहे. हुश्श.

खडूस_काका

हुश्श काय? ०.०४७ आणि ०.०५३ यांच्यामध्ये काही सरकारी सीमारेषा नाही. ०.०२८चा ०.०४७ का झाला, त्याचा विचार करा. तुमच्या डेटात सीटी कमी आहेत.

निशिगंधा

तेच लिहायला आले होते. मी मॉलिक्युलर लॅबमध्ये आहे, संख्याशास्त्र जेमतेम, पण हार्डी-वाइनबर्ग रोज बघावं लागतं.

आधी कंट्रोलचं तपासायचं. रुग्णांत समतोल नसेल तर ते खऱ्या संबंधामुळेही असू शकतं, त्यामुळे तिथून काही निष्कर्ष निघत नाही. तुझ्या कंट्रोलमध्ये टी चं प्रमाण ०.३. म्हणजे शंभरात टीटी ९, सीटी ४२, सीसी ४९ अपेक्षित. तुझ्याकडे १४, ३२, ५४. दोन्ही होमोझायगस (दोन सारखे अलील असलेले) जास्त, हेटरोझायगस (दोन वेगळे असलेले, सीटी) दहाने कमी. काय-स्क्वेअर ५.६७, पी ०.०१७. परीक्षकाने हा तक्ता पाहिला तर पहिला प्रश्न हाच असेल.

जेलवर सीटी चे तीन पट्टे दिसायला हवेत. त्यातला एक फिका पडला आणि सुटला की सीटी ची नोंद सीसी किंवा टीटी म्हणून होते. एसीई जनुकाच्या इन्सर्शन-डिलीशनचा (एक तुकडा असलेला आय प्रकार, नसलेला डी) किस्सा तर प्रसिद्धच आहे. पीसीआरमध्ये आखूड डी तुकडा जोरात वाढतो आणि लांब आय तुकडा मागे पडतो, मग आयडी असलेले लोक डीडी म्हणून नोंदले जातात. इन्सर्शनमध्ये बसणारा वेगळा प्रायमर घालून खात्री करायची पद्धत त्यातूनच आली.

एक विचारू? रुग्णांचे आणि कंट्रोलचे नमुने एकाच रनमध्ये मिसळून लावले होते, की आधी सगळे रुग्ण आणि मग सगळे कंट्रोल?

मेथीदाणा

आधी रुग्ण. कंट्रोल नंतर मिळाले ना, ताई. एन्झाइमची बाटलीही मध्ये बदलली.

निशिगंधा

मग प्रत्येक प्रकारातले थोडे नमुने सिक्वेन्सिंगला पाठव आणि दहा टक्के तरी नमुने पुन्हा लाव, या वेळी मिसळून. जेल वाचणाऱ्याला रुग्ण कोण आणि कंट्रोल कोण हे माहीत नको. वाचणारी तूच असशील तर नंबर झाकून दुसऱ्या कुणाकडून वाचून घे.

सातारी_कंदी

मी बीकॉम. पण थांबलोय. चालू द्या.

गुणसूत्र२३

चर्चा चांगली चाललीय, पण मला काळजी चाचणीपेक्षा त्या रक्तदात्यांची आहे. माझं काम याच क्षेत्रातलं आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

केस-कंट्रोल अभ्यासात आपण विचारतो की हा अलील रुग्णांत जास्त आहे का. पण रुग्ण आणि कंट्रोल वेगवेगळ्या वंशसमूहांतून आले असतील, तर आजाराशी काडीचा संबंध नसलेले हजारो अलीलही 'जास्त' दिसतील. दोन गटांचा इतिहास वेगळा आहे, एवढंच त्यातून कळेल.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण अ‍ॅरिझोनातलं आहे, आणि तेही मधुमेहाचंच. गिला नदीकाठच्या पिमा आणि पापागो या मूळनिवासी लोकांत टाइप २ मधुमेहाचं प्रमाण प्रचंड. नोलर आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली तिथल्या ४,९२० जणांची माहिती छापली. जीएम नावाच्या प्रतिपिंड-खुणेचा एक विशिष्ट हॅप्लोटाइप (एकत्रच वारशाने येणाऱ्या प्रकारांचा संच) ज्यांच्यात होता, त्यांच्यात मधुमेह ८ टक्के. नव्हता त्यांच्यात २९ टक्के. पी-मूल्याला शून्यांची रांग. घाईत असलेल्या माणसाने 'मधुमेहापासून वाचवणारा जनुक सापडला' असं छापून टाकलं असतं.

पण हा हॅप्लोटाइप मुळात युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो. ज्याच्यात तो आहे त्याच्या घराण्यात कुणी तरी गोरं होतं, आणि म्हणून पिमा वारसा कमी. नोलरनी प्रत्येकाचा मूळनिवासी वारसा आठांशांत नोंदवला होता. एकसारख्या वारशाच्या माणसांची आपापसात तुलना केली, तर फरक जवळजवळ नाहीसा झाला. निम्मा वारसा असलेल्यांत, वय जुळवून पाहिलं, तर हॅप्लोटाइप असो वा नसो, मधुमेह २८-२९ टक्केच.

याला पॉप्युलेशन स्ट्रॅटिफिकेशन म्हणतात. लँडर आणि शॉर्क यांनी १९९४ साली यावर एक काल्पनिक दाखला दिला होता: सॅन फ्रान्सिस्कोत 'चॉपस्टिक वापरण्याच्या गुणाचा' जनुक शोधायला निघालात, तर एचएलए-ए१ हा प्रतिकारशक्तीच्या जनुकाचा अलील हमखास सापडेल, कारण तो तिथल्या चिनी लोकांत गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतो असं त्यांनी दाखल्यात धरलं होतं.

आता तुमची ओपीडी. रुग्ण कुठून येतात? बहुधा आसपासच्या तालुक्यांतून, पन्नाशी-साठीचे. आणि रक्तदाते? शहरातले, कॉलेजच्या शिबिरातले?

मेथीदाणा

बरेचसे दोन शिबिरांतले. एक इंजिनिअरिंग कॉलेजचं, एक एका समाजाच्या मंडळाचं.

गुणसूत्र२३

मग त्या मंडळाच्या शिबिरातले कंट्रोल वेगळे काढून बघा. एका समाजाचे पंचवीस-तीस जण एकदम नियंत्रण गटात आले असतील, तर त्या समाजात टी कमी की जास्त, यावर तुमचा सगळा निकाल हलेल.

वयाचाही मुद्दा आहे, पण त्याचा परिणाम वेगळा. वीस वर्षांच्या निरोगी मुलाला पन्नाशीत मधुमेह होणारच नाही असं कुठे आहे? असे भावी रुग्ण कंट्रोलमध्ये बसले की खरा फरक बोथट होतो. त्यामुळे खोटा संबंध तयार होत नाही, खरा मात्र निसटू शकतो. म्हणून कंट्रोल शक्यतो रुग्णांच्याच वयाचे किंवा त्याहून मोठे, आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासलेले हवेत.

बोरकूट

एक बाळबोध शंका. सगळे मराठी भाषक घेतले तर हा वंशसमूहांचा घोळ मिटणार नाही का? अमेरिकेत गोरे-काळे-मूळनिवासी असा भेद असेल, आपण तर सगळे एकाच मातीतले.

गुणसूत्र२३

शंका बाळबोध नाही, पुष्कळ प्रकाशित निबंधांत नेमकं हेच गृहीत धरलेलं असतं. 'कंट्रोल एथ्निकली मॅच्ड होते' एवढं एक वाक्य लिहायचं आणि पुढे जायचं.

भारतातली अडचण माती एक असण्यानेच वाढते. २००९ साली राइख, थंगराज, लालजी सिंग आणि सहकाऱ्यांनी देशातल्या २५ समूहांतल्या १३२ जणांचे जीनोम तपासले. आपल्याकडच्या समूहांमधला अलीलांच्या प्रमाणातला फरक युरोपातल्या देशांमधल्या फरकापेक्षा मोठा निघाला, आणि हे समूह एकाच प्रदेशात शेजारी शेजारी राहणारे असले तरीही. कारण उघड आहे. गाव एक, पाणवठा (कधीकधी) एक, पण लग्नं पिढ्यानपिढ्या जातीतच. २०१३ साली मूरजानी आणि सहकाऱ्यांनी अंदाज बांधला की उपखंडातली मोठी सरमिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी झाली, आणि मग दारं बंद झाली. भाषा जुळवून हे पुसलं जात नाही.

बोरकूट

म्हणजे फॉर्मवर जात विचारायची? दवाखान्यात? कठीण आहे.

गुणसूत्र२३

कठीण आहेच. एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि विचारण्याची भाषा जपावी लागते. मी पाहिलेली त्यातल्या त्यात बरी पद्धत अशी: मातृभाषा, मूळ गावाचा तालुका आणि चारही आजी-आजोबांचा समाज, शेवटचं ऐच्छिक. पण त्यावरही फार भिस्त ठेवू नका. लोक सांगतात ते मोठं नाव असतं, प्रत्यक्षात लग्नं त्यातल्या पोटशाखेत होतात.

खडूस_काका

मला या ठिकाणी एक खटकतं. मेथीदाणा यांच्या कंट्रोलमधली हेटरोझायगसची तूट याच सरमिसळीमुळे नसेल का? दोन वेगळे समूह एकत्र मोजले की होमोझायगस वाढतात, हे वालुंडचं जुनं गणित आहे. बिचाऱ्या जेलला का दोष देता?

गुणसूत्र२३

काका, प्रश्न नेमका आहे. करून बघू. निम्मे कंट्रोल ०.१ प्रमाणाच्या समाजातले आणि निम्मे ०.५ प्रमाणाच्या समाजातले धरा. सरासरी ०.३ येते. टीटी १३, सीटी ३४, सीसी ५३. मेथीदाणांच्या आकड्यांच्या अगदी जवळ!

पण एकाच अलीलचं प्रमाण एका समाजात ०.१ आणि शेजारच्यात ०.५, एवढी दरी आपल्याकडेही सहसा नसते. ०.२५ आणि ०.३५ असा वास्तवातला फरक धरला, तर सीटी शंभरात ४२ ऐवजी ४१.५ होतात, म्हणजे अर्ध्या माणसाने कमी. तेव्हा दहाची तूट सरमिसळीच्या माथी मारता येणार नाही. नात्यातल्या लग्नांमुळेही थोडी तूट पडते, पण इतकी नाही. निशिगंधा म्हणतात तसं आधी जेलच तपासा.

ही गोष्ट उलट्या दिशेनेही लक्षात ठेवा. हार्डी-वाइनबर्ग उत्तम जुळलं म्हणून स्ट्रॅटिफिकेशन नाही, असं म्हणता येत नाही. अर्ध्या माणसाचा फरक शंभराच्या नमुन्यात कुणाला दिसणार?

मेथीदाणा

बापरे. मग यावर उपाय काय? दुसरी चाचणी आहे का?

गुणसूत्र२३

उपाय आहेत, आणि मला स्वतःला त्यातला सगळ्यात देखणा टीडीटी वाटतो, ट्रान्समिशन डिसइक्विलिब्रियम टेस्ट. स्पीलमन, मॅक्गिनिस आणि इवन्स, १९९३.

तेव्हाचा पेच असा होता. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन जनुकाच्या शेजारचा एक प्रकार (क्लास १ म्हणतात) रुग्णांत जास्त दिसत होता. पण भावंडांच्या जोड्यांवरचे लिंकेज अभ्यास (जनुक आणि आजार कुटुंबात बरोबरच उतरतात का हे पाहणारे) हात वर करत होते. मग केस-कंट्रोलमधला संबंध खरा की वंशाचा भास? हे ठरवायला त्यांनी नियंत्रण गट सरळ काढूनच टाकला. रुग्ण मूल आणि त्याचे आईवडील घ्यायचे. पालक हेटरोझायगस असेल, तर त्याने मुलाला दोनपैकी कोणता अलील दिला ते पाहायचं. संबंध नसेल तर निम्म्या वेळा हा, निम्म्या वेळा तो. जो अलील दिला गेला नाही, तोच कंट्रोल. तो त्याच माणसाच्या शरीरातला असल्यामुळे त्याची जात, धर्म, तालुका काहीही वेगळं असू शकत नाही!

त्यांच्या ९४ कुटुंबांत हेटरोझायगस पालकांकडून क्लास १ अलील ७८ वेळा गेला, दुसरा ४६ वेळा. चाचणी म्हणजे फरकाचा वर्ग भागिले बेरीज, मॅकनेमारचंच सूत्र. ३२चा वर्ग १०२४, भागिले १२४, बरोबर ८.२६. पी सुमारे ०.००४. संबंध खरा ठरला. पुढे १९९७च्या सुमारास त्याचं जीवशास्त्रही उलगडलं. त्या जागचा दुसरा, संरक्षक प्रकार ज्यांच्यात असतो त्यांच्या थायमसमध्ये इन्सुलिन जास्त तयार होतं, आणि प्रतिकारशक्ती त्याला 'आपलं' म्हणायला शिकते.

बोरकूट

हे फारच सुंदर आहे. वाचनखूण साठवली.

खडूस_काका

सुंदर आहे आणि मेथीदाणांच्या उपयोगाचं नाही. साठीच्या रुग्णाचे आईवडील कुठून आणणार? शिवाय होमोझायगस पालक बाद, आणि एका रुग्णामागे तीन जणांचं जीनोटायपिंग. टाइप १चा रुग्ण लहान असतो, तिथे हे जमतं.

गुणसूत्र२३

मान्य. उशिरा होणाऱ्या आजारांसाठी १९९८ साली स्पीलमन आणि इवन्स यांनीच भावंडांवरची आवृत्ती काढली. आजारी भाऊ आणि निरोगी बहीण यांची तुलना, आईवडील नसले तरी चालतं. ताकद मात्र कमी पडते, कारण भावंडांचे निम्मे जनुक तसेही सारखे. टाइप २ मध्ये 'निरोगी' भावंडही पाच वर्षांनी निरोगी राहील याची खात्री नाही.

कुटुंबं मिळत नसतील तर दुसरा रस्ता जीनोमिक कंट्रोलचा. डेव्हलिन आणि रोडर, १९९९. आजाराशी संबंध नसलेल्या, जीनोमभर विखुरलेल्या खुणा त्याच रुग्ण-कंट्रोलांत तपासायच्या. स्ट्रॅटिफिकेशन असेल तर त्यांचेही काय-स्क्वेअर फुगलेले निघतात. किती फुगले त्याला लॅम्डा म्हणायचं आणि आपला काय-स्क्वेअर त्याने भागायचा. मेथीदाणांचा ३.९५ घ्या. लॅम्डा १.३ निघाला असं धरलं, तर उरतो ३.०४. पी ०.०८.

आता मोठ्या अभ्यासांत लाखो खुणा हाताशी असतात, त्यामुळे प्राइस आणि सहकाऱ्यांच्या २००६च्या पद्धतीने प्रिन्सिपल कंपोनंट (प्रत्येकाचा वंश टिपणारे आकडे) काढून ते लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये (अनेक घटक एकदम धरून आजाराशी संबंध काढायच्या पद्धतीत) घालतात. एकच जनुक तपासणाऱ्याकडे हा पर्याय नसतो. म्हणून एक विनंती: उरलेला डीएनए फेकू नका, परवानगी घेऊन फ्रीजरमध्ये ठेवा.

मेथीदाणा

०.०२८ वरून ०.०८! चार प्रतिसादांत थिसिस गेला.

सातारी_कंदी

मी म्हणतो वेळेत वाचलात. अजून चार प्रतिसाद आले असते तर मधुमेह आणि साखरेचाही संबंध राहिला नसता.

गुणसूत्र२३

गेला नाही. तुमचा प्रश्न चुकीचा मांडला गेलाय. टीसीएफ७एल२ हा आता 'संशयित' जनुकच नाही. २००६ साली आइसलँडच्या डीकोड या कंपनीने तो पकडला, तोही गुणसूत्र १०चा पट्टा विंचरताना. इन्सुलिन, ग्लुकोज असं डोक्यात ठेवून बसलेल्यांपैकी फारसं कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं. लगेच २००७ मध्ये हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातले संशोधक यांनी भारतीयांत तो संबंध भक्कम असल्याचं दाखवलं. तेव्हा 'संबंध आहे का' हे तुमच्या शंभर रुग्णांनी ठरायचं नाही. 'आमच्या भागात परिणाम साधारण किती' हे लिहा. ऑड्स रेशो (टी मुळे आजाराची शक्यता साधारण किती पट) १.५९, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा बहुधा ज्यात असेल तो पल्ला) १.०५ ते २.४०. जेल पुन्हा वाचल्यावर आकडे बदलतील, तेव्हा हार्डी-वाइनबर्ग जमलं तरच अलीलवार काढा, नाहीतर ट्रेंडवरून.

त्या १.५९वर मात्र फार विश्वास नको. खरा परिणाम १.४ आणि कंट्रोलमधलं प्रमाण ०.३ असं धरलं, तर शंभर-शंभर जणांच्या अभ्यासात तो ०.०५च्या गाळणीतून पार पडण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के. आणि जो पार पडतो त्याचा ऑड्स रेशो निदान १.५ दिसावाच लागतो, त्याखालचं काही गाळणीतून जातच नाही. म्हणजे 'यशस्वी' ठरलेला छोटा अभ्यास खऱ्यापेक्षा फुगलेलाच आकडा देणार. ८० टक्के ताकद हवी असेल तर दोन्हीकडे सुमारे ३१० माणसं हवीत.

मेथीदाणा

आणि माझ्या बॅचमेटने जो जनुक घेतलाय त्यावर आधी कुणी काहीच केलेलं नाही. ती म्हणते, नवीन आहे म्हणून पी ०.०४ सुद्धा भारी.

खडूस_काका

उलट! नवीन आहे म्हणूनच ०.०४ कवडीमोल. हिशेब करा. हजार जनुक असेच 'वाटलं म्हणून' तपासले, त्यातले दहा खरोखर संबंधित. ३६ टक्के ताकदीने त्यातले तीन-चार सापडतील. उरलेल्या ९९० पैकी पाच टक्के, म्हणजे जवळजवळ पन्नास, फुकटात ०.०५च्या आत येतील. छापून आलेल्या त्रेपन्नांत खरे चार.

हे नुसतं कागदावरचं नाही. हर्शहॉर्न आणि सहकाऱ्यांनी २००२ साली सहाशेहून अधिक प्रकाशित संबंध गोळा केले होते. तीन किंवा अधिक वेळा तपासले गेलेले १६६. त्यातले सातत्याने टिकलेले किती? सहा.

निशिगंधा

छोटा अभ्यास म्हणजे टाकाऊ, असंही सरसकट नका ना म्हणू. डोळ्यांच्या मॅक्युलर डीजनरेशनमधला सीएफएच जनुक २००५ साली ९६ रुग्ण आणि ५० कंट्रोलवर सापडला होता! लंडनमध्ये १९७३ साली अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या (मणक्याच्या सांध्यांचा आजार) ७५ रुग्णांपैकी ७२ जणांत एचएलए-बी२७ मिळाला, कंट्रोलमध्ये ७५ पैकी तिघांत. तिथे कुणाला लॅम्डा आठवला नाही.

गुणसूत्र२३

बरोबर, आणि दोन्ही ठिकाणी परिणाम दांडगा होता म्हणून जमलं. ७२ विरुद्ध ३ ला चाचणीही लागत नाही. सीएफएचच्या वेळी एक लाखाहून जास्त खुणा तपासून, त्या सगळ्यांचा दंड भरूनही तो वर राहिला, कारण दोन्ही प्रती असलेल्यांत धोका सात पटींच्या घरात होता. आणि त्याच सुमारास इतर गटांनी स्वतंत्रपणे तोच जनुक पकडला.

आपल्याकडचंच उदाहरण हवं तर हृदयाच्या स्नायूचा एमवायबीपीसी३ जनुक घ्या. त्यातला २५ अक्षरांचा तुकडा गळालेले लोक भारतात सुमारे ४ टक्के आहेत, आणि हृदयविकाराचा धोका सुमारे सात पट. २००९ साली छापून आलं. टाइप २ मधुमेहाच्या सर्रास आढळणाऱ्या जनुकांत असे सातपटीवाले सहसा नाहीत. १.१, १.२, फार तर १.४. इतक्या बारीक परिणामासाठीच आज जीनोमभरच्या शोधात ५ × १०⁻⁸ अशी कडक मर्यादा पाळतात, म्हणजे ०.०५ला सुमारे दहा लाख स्वतंत्र तपासण्यांनी भागून जे येतं ते.

ओवी

विषय थोडा बाजूला नेते, माफ करा. एका कंपनीकडून लाळेची तपासणी करून घेतली. रिपोर्टमध्ये लिहिलंय की माझ्याकडे सेरोटोनिन ट्रान्सपोर्टरचा 'आखूड' प्रकार आहे, त्यामुळे ताण आला तर नैराश्याचा धोका जास्त. आई हे वाचून हवालदिल झालीय. हा संबंध खरा आहे का?

खडूस_काका

आईंना सांगा, निवांत झोपा. २००३ साली न्यूझीलंडच्या ड्युनेडिन इथल्या अभ्यासातून हा दावा आला. आठशेहून थोडे जास्त लोक होते. त्यावर शेकडो निबंध निघाले. २०१९ मध्ये बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी नैराश्याचे सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले १८ जनुक लाखो लोकांच्या डेटावर तपासले, हाही त्यात होता. एकाचाही वेगळा असा प्रभाव दिसला नाही. कोणतेही अठरा जनुक चिठ्ठ्या टाकून उचलले असते तरी तेवढंच दिसलं असतं. कंपनीला तो रिपोर्ट अजून विकावासा वाटतो, हा धंद्याचा भाग झाला.

गुणसूत्र२३

काकांशी सहमत. फक्त ओवी, नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा आहेच. तो एका जनुकात साठलेला नाही, हजारो ठिकाणी कणाकणाने विखुरलेला आहे. घरात कुणाला त्रास झालेला असेल, तर ती माहिती त्या रिपोर्टपेक्षा डॉक्टरांच्या जास्त कामाची.

ओवी

आभार. आईला धागाच पाठवते.

मेथीदाणा

सरांशी बोलले. आधी वैतागले, मग निशिगंधाताईंचा ९-४२-४९चा तक्ता दाखवल्यावर स्वतःच जेलचे फोटो मागून घेतले. बारा नमुने सिक्वेन्सिंगला चाललेत. मंडळाच्या शिबिरातले कंट्रोल २७ निघाले, ते वेगळे काढून दोन्ही प्रकारे आकडे देणार आहे. नवीन कंट्रोल म्हणून ओपीडीत रुग्णांबरोबर येणारे त्यांचे नवरे-बायका घेऊ का? वय जुळतं, गाव जुळतं, आणि आपल्याकडे समाजही बहुधा जुळतोच. एचबीए१सी करून घेईन.

गुणसूत्र२३

उत्तम कल्पना! आपल्याकडच्या लग्नपद्धतीचा शास्त्राला एवढा तरी उपयोग होऊ दे. फक्त दोन गोष्टी बघा. रुग्ण पुरुष जास्त असतील तर कंट्रोल बायका जास्त होतील, तेव्हा रिग्रेशनमध्ये लिंग घाला. आणि मामे-आते भावंडांतलं लग्न असेल तर ती जोडी वगळा.

बीएमआय घालायचा की नाही, हे आधीच ठरवून सिनॉप्सिसमध्ये (थिसिसच्या आराखड्यात) लिहा. दोन्ही करून बघून आवडेल ते ठेवायचं नाही. एफटीओ जनुकाच्या वेळी यावरूनच मजा झाली होती. युरोपात तो वजन वाढवून मधुमेह आणतो असं दिसलं, बीएमआय घातला की संबंध संपायचा. २००९ साली याज्ञिक आणि सहकाऱ्यांच्या पुण्याच्या अभ्यासात बीएमआय घालूनही तो उरला.

मेथीदाणा

ट्रेंड टेस्ट कशात करू? आमच्याकडचं सॉफ्टवेअर खूप जुनं आहे, त्यात पर्याय सापडत नाहीये.

खडूस_काका

आर फुकट आहे. त्यात प्रॉप-ट्रेंड-टेस्ट म्हणून फंक्शन आहे, दोन ओळींचं काम. नाहीतर जीनोटाइपला ०, १, २ असे आकडे देऊन लॉजिस्टिक रिग्रेशन करा, उत्तर जवळपास तेच येईल आणि वय-लिंगही त्यातच घालता येईल. सिक्वेन्सिंगचे निकाल आले की इथेच टाका.